आधी पाण्याचा दाखला, मग प्लॉट

छत्रपती संभाजीनगरहून पैठण रस्त्याने बिडकीनकडे किंवा जालना रस्त्याने शेंद्र्याकडे निघालं, की दोन्ही बाजूंना प्लॉटिंगचे फलक सुरू होतात. एनए झालेले प्लॉट, डांबरी रस्ते, विजेचे खांब, समृद्धी महामार्गापासून इतक्या मिनिटांवर, ऑरिक या शेंद्रा-बिडकीनच्या नव्या औद्योगिक शहरापासून इतक्या. पाण्याचा उल्लेख असलाच तर एका ओळीत : बोअरला मुबलक पाणी. ते पाणी किती फुटांवरचं, मे महिन्यात त्यातलं किती उरतं, तिथे दोनशे घरं उभी राहिल्यावर किती वर्षं पुरेल, हे फलकावर नसतं, खरेदीखतात नसतं आणि मंजुरीच्या फाइलमध्ये फार तर एखाद्या हमीपत्रापुरतं असतं. माझं म्हणणं असं, की हा हिशेब फाइलच्या पहिल्या पानावर हवा. तो नसेल तर मराठवाड्यात कुठल्याही नव्या वसाहतीला परवानगी मिळता कामा नये, मग ती वीस प्लॉटची असो की दहा हजार एकरांची.

ही मागणी विकासाच्या आड येणारी वाटेल. कारण आपल्याकडे नव्या शहराचं चित्र रंगवताना दुबईचं नाव हटकून घेतलं जातं. त्यांनी वाळवंटात शहर उभं केलं, मग आपण का नाही, असं भाषणांत विचारलं जातं आणि टाळ्याही पडतात. प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर मात्र त्या शहराच्या पाणीपट्टीत आणि वीजबिलात शोधायला हवं, उंच इमारतींच्या छायाचित्रांत ते सापडणार नाही.

दुबई पिते ते जवळजवळ सगळं पाणी समुद्राचं आहे, खारं पाणी गोडं करून घेतलेलं. आजच्या चांगल्या यंत्रणेतही हजार लिटर पाणी गोडं करायला साधारण तीन ते चार युनिट वीज जाते. ही वीज दशकानुदशकं प्रामुख्याने नैसर्गिक वायू जाळून तयार झाली. गोडं पाणी काढून घेतल्यावर जे दाट, खारट पाणी उरतं ते पुन्हा समुद्रात सोडलं जातं. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जागतिक अभ्यासानुसार असे प्रकल्प रोज सुमारे साडेनऊ कोटी घनमीटर गोडं पाणी तयार करतात आणि त्यासोबत सुमारे १४ कोटी २० लाख घनमीटर खारट सांडपाणी. म्हणजे पाण्यापेक्षा सांडपाणीच दीडपट. त्यातलं निम्म्याहून जास्त एकट्या सौदी अरेबिया, संयुक्त अरब अमिराती, कुवेत आणि कतार या चार देशांतलं. ज्या आखातात यातलं बरंचसं जातं ते उथळ आहे, आधीच तापलेलं आहे, आणि तिथल्या प्रवाळांना, माशांना दुसरीकडे जायला जागा नाही.

वाळूचीही तीच गत. वाळवंटातली वाळू हजारो वर्षं वाऱ्याने घासून गुळगुळीत झालेली असते, काँक्रीटमध्ये ती एकमेकींना धरत नाही. त्यामुळे चहूकडे वाळू असलेल्या देशाला बांधकामासाठी समुद्राचा तळ उपसावा लागतो किंवा बाहेरून वाळू आणावी लागते. पाम जुमेराह नावाचं ताडाच्या आकाराचं कृत्रिम बेट समुद्रतळातून काढलेल्या ९ कोटी घनमीटरहून अधिक वाळूवर उभं आहे. ज्या समुद्रावर शहर पाण्यासाठी विसंबून आहे, त्याचाच तळ खरवडून हे केलं.

सौदी अरेबियाने याच्याही पुढची उडी मारली. निओम प्रकल्पातलं ‘द लाइन’ हे शहर १७० किलोमीटर लांब, २०० मीटर रुंद आणि ५०० मीटर उंच असेल, त्यात ९० लाख माणसं राहतील, मोटारी नसतील, कार्बन उत्सर्जन शून्य असेल, असं २०२२ मध्ये जगाला सांगितलं गेलं. पर्यावरणाच्या नावाने विकलेलं हे शहर बांधायलाच किती पोलाद, किती सिमेंट आणि किती काच लागेल, हा विचार जाहिरातीत नव्हता. जगातल्या एकूण कार्बन उत्सर्जनात एकट्या सिमेंटचा वाटा सात-आठ टक्के आहे. त्या जागेवर पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या हुवैतात जमातीला हलवण्यात आलं. २०२० मध्ये जमीन सोडायला नकार देणारा त्यांच्यातला एक माणूस सुरक्षा दलांच्या गोळीबारात मारला गेला. पुढे २०२४ मध्ये बातम्या आल्या, की २०३० पर्यंत १७० किलोमीटरपैकी जेमतेम अडीच किलोमीटर उभे राहतील. तेलाचा एवढा पैसा असलेल्या देशाचीही ही गत आहे.

आता अमेरिकेकडे पाहू. मराठवाड्यासाठी खरा धडा तिथे आहे, कारण तिथली वाळवंटी शहरं आपल्यासारखीच नदीवर आणि धरणावर जगतात. लास वेगास, फिनिक्स ही शहरं कोलोरॅडो नदीच्या पाण्यावर वाढली. या नदीचं पाणी सात राज्यांत वाटून घेण्याचा करार १९२२ मध्ये झाला. त्याआधीची काही वर्षं नेमकी भरपूर पावसाची होती आणि तेच पाणी कायमचं धरून वाटणी झाली. नदीत नसलेलं पाणी कागदावर वाटलं गेलं. त्या कागदावर धरणं झाली, कालवे झाले, शहरं झाली, गवताची हिरवळ आणि पोहण्याचे तलाव झाले. शंभर वर्षांनी, २०२२ च्या उन्हाळ्यात, हूवर धरणामागचा लेक मीड जलाशय क्षमतेच्या सुमारे २७ टक्क्यांवर आला. वाटणी चांगल्या वर्षांच्या भरवशावर झाली होती. तहान मात्र वाईट वर्षातही लागतेच.

हे आपल्याला ओळखीचं वाटायला हवं.

मराठवाडा वाळवंट नाही, हे आधी स्पष्ट करतो. वर्षाला सरासरी सातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या मुलखाला वाळवंट म्हणणं चूक आहे. जैसलमेरला दोनशे मिलिमीटरही पडत नाही आणि तिथे माणसं शतकानुशतकं राहत आली. आपली अडचण वेगळी आहे. सह्याद्रीच्या पावसाच्या सावलीत आपण बसलेलो आहोत. पाऊस चार महिन्यांतल्या मोजक्या दिवसांत कोसळतो, आणि कुठल्या वर्षी किती याचा नेम नसतो. शिवाय खाली काळा कातळ आहे. बेसॉल्टमध्ये पाणी साठतं ते वरच्या मुरमाच्या थरात आणि भेगांमध्ये. उत्तरेच्या गाळाच्या मैदानात जमिनीखाली जसा शेकडो फूट जाडीचा ओला थर असतो तसा इथे नाही. आठशे फुटांवर बोअरला पाणी लागतं तेव्हा ते कुठल्यातरी भेगेत अडकलेलं जुनं पाणी असतं. दोन उन्हाळ्यांत ते संपतं आणि पुन्हा भरायला किती वर्षं लागतील हे बोअर मारणारा सांगत नाही, कारण त्याला ते विचारतच नाहीत.

दुबईकडे समुद्र आहे आणि तेल आहे. आपल्याकडे गोदावरी आहे आणि तिच्यावर जायकवाडी. तीही आपल्या एकट्याची नाही. वरती नाशिक आणि अहिल्यानगर जिल्ह्यांत गंगापूर, दारणा, भंडारदरा, निळवंडे, मुळा अशी धरणांची रांग आहे. जायकवाडीत ऑक्टोबरपर्यंत पुरेसं पाणी आलं नाही, की वरून पाणी सोडायचं की नाही यावर दरवेळी कोर्टकचेऱ्या. समन्यायी वाटपाचा कायदा २००५ चा, मेंढेगिरी समितीचा अहवाल २०१३ चा, जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा आदेश २०१४ चा. इतकं होऊनही दुष्काळी वर्षात प्रत्येक टीएमसीसाठी (एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट) भांडावंच लागतं. जायकवाडीचा जलाशय, म्हणजे नाथसागर, बशीसारखा पसरट आणि उथळ आहे, त्यामुळे भरला तरी उन्हाळ्यात बाष्पीभवनाने त्यातलं मोठं पाणी उडून जातं. उपयुक्त साठा ७६ टीएमसीच्या आसपास, हा आकडा सगळ्यांना पाठ असतो. पण तो भरलेल्या वर्षाचा आकडा आहे. २०१५-१६ मध्ये उपयुक्त साठा संपला आणि मृतसाठ्यातून पाणी उपसून शहराला द्यावं लागलं, तेव्हा हा आकडा कुणाच्या कामी आला?

लातूरने त्याच वर्षी याहून वाईट पाहिलं. धनेगावचं मांजरा धरण कोरडं पडलं. मार्चमध्ये पाण्याच्या टाक्यांभोवती आणि टँकर भरण्याच्या ठिकाणी जमावबंदी लावावी लागली. एप्रिलमध्ये मिरजेहून कृष्णेचं पाणी रेल्वेच्या वाघिणींतून आणलं गेलं. आधी दहा वाघिणी, म्हणजे पाच लाख लिटर, मग पन्नास वाघिणी, पंचवीस लाख लिटर. देशभर कौतुक झालं आणि ज्यांनी ते काम केलं त्यांना ते शोभलंही. पण हिशेब करून पाहा. २०११ च्या जनगणनेत लातूर शहराची लोकसंख्या ३ लाख ८० हजारांवर होती. पन्नास वाघिणींची अख्खी गाडी तेवढ्यांत वाटली तर माणशी साडेसहा लिटर. साडेतीनशे किलोमीटरवरून धडधडत आलेली आगगाडी माणसाला जेमतेम अर्धी बादली पाणी देते. शहर एकदा बांधून झालं आणि पाणी संपलं, तर बाहेरून मदत आणण्याची मर्यादा ही एवढी आहे.

म्हणून माझा आग्रह आहे, की शहराचा आकार सरासरी पावसावर न ठरवता वाईटात वाईट वर्षावर ठरवावा. शेतकरी दुष्काळात पेरणी टाळू शकतो, नुकसान सोसतो, पण पुढच्या मृगाची वाट पाहू शकतो. शहर एक दिवसही थांबू शकत नाही.

इथे एक आक्षेप ठरलेला आहे आणि तो हलका नाही. लोक म्हणतात, शहरं पाणी पितात तरी किती? खरं पाणी ऊस पितो. हिशेब मांडू या. माणशी रोज १३५ लिटर या मापाने दहा लाखांच्या शहराला वर्षाला सुमारे ४ कोटी ९० लाख घनमीटर पाणी लागतं, म्हणजे पावणेदोन टीएमसी. पाटपाण्यावरच्या उसाला हेक्टरी पंचवीस हजार घनमीटर धरलं, तर हे पाणी दोन हजार हेक्टर उसाइतकं झालं. म्हणजे दोन हजार हेक्टर उसाच्या पाण्यात दहा लाख माणसं वर्षभर राहू शकतात. दुष्काळी मुलखात कारखान्यांच्या चिमण्या वाढत गेल्या, ही आपल्या पुढाऱ्यांची गंभीर चूक आहे, आणि ऊस ठिबकवर आला पाहिजे, कमी झाला पाहिजे, याबद्दल माझं दुमत नाही.

पण या हिशेबातून नव्या शहरांना मोकळं रान मिळत नाही. पहिलं कारण, उसाचं वाचलेलं पाणी आपोआप शहरात येत नाही. ते दुसऱ्या शेतात जातं, दुसऱ्या पंपाने उपसलं जातं. दुसरं, उसाचं पाणी वाईट वर्षी तोडता येतं, आणि तोडलंही जातं. शहराचं तोडता येत नाही. त्यामुळे शहर जेवढं वाढतं तेवढं धरणातलं तोडता न येणारं पाणी वाढतं आणि दुष्काळात सगळी कपात शेतीच्या माथी येते. तिसरं, नवी शहरं एकटी येत नाहीत, कारखाने घेऊन येतात. २०१६ च्या एप्रिलमध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाला मद्यनिर्मिती कारखान्यांच्या पाण्यात साठ टक्क्यांपर्यंत कपात करायला सांगावं लागलं, तोपर्यंत लातुरात पाण्याची रेल्वे येऊन गेली होती. राज्याच्या २००३ च्या जलनीतीत पिण्याच्या पाण्यानंतर उद्योगाचा क्रम होता, शेतीचा त्याच्याही नंतर. २०११ मध्ये तो बदलून शेती दुसऱ्या क्रमांकावर आली. कागदावर हे ठीक झालं. पण जलवाहिनी एकदा टाकली की क्रम वाहिनीच ठरवते.

संभाजीनगरात जलवाहिनीचा अनुभव घरोघरी आहे. शहर नाथसागरापासून पन्नास किलोमीटरच्या आत आहे, पण धरणापेक्षा सुमारे शंभर मीटर उंचावर. पाण्याचा प्रत्येक थेंब विजेने वर चढवावा लागतो. १९७० च्या दशकातली एक वाहिनी आणि ९० च्या दशकातली दुसरी, यांवर पावणेबारा लाखांचं शहर (ही २०११ ची लोकसंख्या) आणि त्यानंतरची सगळी वाढ चालली. २०२० मध्ये १६८० कोटींच्या नव्या योजनेचं भूमिपूजन झालं, पुढे तिचा खर्च २७४० कोटींवर गेला. दरम्यान पाणी आठवड्यातून एकदा, कधी त्याहूनही उशिरा. म्हणून घर बांधताना आधी जमिनीखालचा हौद, गच्चीवर दोन टाक्या, दाराशी निळे ड्रम, वर मोटार आणि तरीही महिन्याला जार आणि टँकरचा खर्च. सार्वजनिक व्यवस्थेचं अपयश प्रत्येक कुटुंबाने आपल्या पैशाने आणि आपल्या घरातल्या बायकांच्या वेळाने भरून काढलं आहे. हा खर्च शहराच्या विकासाच्या कुठल्याही आकडेवारीत मोजला जात नाही. ज्या शहराला आहे त्या माणसांना रोज पाणी देता आलेलं नाही, त्याच्या दोन अंगांना दहा हजार एकरांचं औद्योगिक शहर त्याच धरणावर उभं राहत आहे.

आपले पूर्वज शहाणे होते आणि आपण मूर्ख, असं मी म्हणणार नाही. पण जुनी गावं कुठे वसली ते पाहण्यासारखं आहे. प्रतिष्ठान म्हणजे पैठण आणि नांदेड गोदावरीवर, तेर तेरणेवर, भोकरदन केळणेवर. पाणी होतं तिथे माणसं बसली. नवी शहरं मात्र जमीन स्वस्त आणि महामार्ग जवळ अशा जागा पाहून आखली जातात. समृद्धी महामार्गालगतच्या नियोजित नवनगरांच्या जागांना इंटरचेंजचा आधार आहे, नदीचा नाही. आणि जिथे नदीपासून दूर माळावर शहर वसवावं लागलं, तिथे वसवणाऱ्याने पाण्याचं काम लगेच हाती घेतलं. १६१० मध्ये मलिक अंबरने खडकी वसवलं, तेच पुढचं औरंगाबाद. त्याने उत्तरेकडच्या डोंगरपायथ्याचं झिरपतं पाणी जमिनीखालच्या नहरींतून शहरात आणलं. पाणी उताराने येई, झाकलेलं असल्यामुळे उन्हाने उडत नसे. पुढे त्याच धर्तीवरच्या नहरीच्या पाण्यावर पाणचक्की फिरली. बीडची खजाना बावडी १५८२ ची, तिनेही उताराचाच उपयोग करून शेतीला पाणी दिलं. या व्यवस्थांतून आजच्या पंधरा-वीस लाखांच्या शहराला पाणी मिळणार नाही, हे उघड आहे. पण त्यांनी पाणी देऊ शकतील तेवढंच शहर गृहीत धरलं होतं. नहरींवर आपण घरं बांधली, गटारांसाठी, केबलसाठी त्या फोडल्या आणि पन्नास किलोमीटरवरचं पाणी विजेवर आणायला लागलो. जे पाणी फुकट येत होतं, त्यातलं थोडं तरी राखता आलं असतं.

शहराची किंमत पाण्यापाशी थांबत नाही. दुबईने समुद्राचा तळ उपसला, आपण गोदावरीचं पात्र उपसतो आहोत. अंबड, गेवराई, गंगाखेडच्या पट्ट्यात रात्री वाळूचे हायवा ट्रक कसे पळतात हे तिथल्या माणसांना सांगावं लागत नाही. नदीतली वाळू पुराचं पाणी धरून ठेवते आणि काठच्या विहिरींना महिनोन्‌महिने पाझरत राहते. वाळू गेली की पूर सरळ वाहून जातो आणि डिसेंबरमध्येच विहिरीचा तळ दिसतो. म्हणजे शहरातल्या एका मजल्यासाठी गावातल्या विहिरीचं पाणी आधीच खर्च झालेलं असतं. कृत्रिम वाळूचा आग्रह आता शासनही धरतं, ते चांगलं आहे, पण तिच्यासाठी डोंगर फुटतात आणि तेच डोंगर पाणी मुरवतात. वाळू नदीची असो की डोंगर फोडून केलेली, इमारतींच्या संख्येला मर्यादा घातल्याशिवाय हा उपसा थांबत नाही.

यावर कुणी म्हणेल, मग माळवदाच्या घरांत परत जा. ते इतकं सोपं नाही. पांढऱ्या मातीच्या माळवदाची, जाड भिंतींची घरं उन्हाळ्यात थंड राहत, त्यांना एसी लागत नव्हता. पण ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला जे झालं ते मराठवाडा विसरलेला नाही. दगड-मातीच्या त्याच भिंती आणि तीच जड माळवदं झोपलेल्या माणसांवर कोसळली, हजारो जीव गेले. त्यानंतर आमच्याकडच्या माणसाने सिमेंटच्या स्लॅबवर विश्वास टाकला, तर त्याला कुणी दोष देऊ नये. प्रश्न स्लॅबचा नाही. चाळीस-बेचाळीस अंशांच्या उन्हात पश्चिमेकडे तोंड करून पूर्ण काचेच्या इमारती बांधण्याची काय गरज आहे, आणि त्यांना थंड ठेवायला लागणारी वीज कुणाच्या हिशेबात धरायची, हा प्रश्न आहे. भूकंपात टिकणारं आणि उन्हात न तापणारं घर बांधता येतं, त्यासाठी सावली, हवेची दिशा आणि भिंतीची जाडी यांचा विचार करणारे नियम हवेत. ऑरिकसारख्या कोऱ्या पाटीवर ते घालून देणं सगळ्यात सोपं होतं आणि पुढच्या टप्प्यांत अजूनही आहे.

कोरड्या मुलखातल्या शहराचा आणखी एक दोष असतो, ते पुराला विसरतं. १६ एप्रिल २०२४ ला अमिरातीत अल ऐनजवळ एका ठिकाणी दिवसभरात २५४ मिलिमीटर पाऊस पडला आणि दुबईचा विमानतळ पाण्याखाली गेला. सप्टेंबर २०२५ मध्ये बीड, धाराशिव, लातूरमध्ये जे पाहिलं ते आपल्यासमोर आहे. बाराही महिने टँकरची वाट पाहणारा माणूस ओढ्याला ओढा मानत नाही, तिथेही प्लॉट पाडतो. मग एका रात्री ओढा आपली जागा परत मागतो.

या सगळ्यावर सरकारचं उत्तर आणखी दुरून आणखी पाणी आणण्याचं आहे. अकरा धरणं जोडणारी वॉटर ग्रिड, कोकणात वाहून जाणारं पाणी सह्याद्रीवर चढवून गोदावरीत टाकणं. अनुशेष भोगलेल्या मराठवाड्याचा या पाण्यावर हक्क आहे आणि तो सोडण्याचं कारण नाही. पण शेकडो मीटर उंच चढवलेलं पाणी महाग असतं, त्याचं वीजबिल कायमचं असतं, आणि ग्रिड पाणी फिरवते, तयार करत नाही. यातली बहुतेक धरणं एकाच दुष्काळात रिकामी होतात, हे २०१६ ने दाखवलं. येणार असलेल्या पाण्यावर आज शहर मंजूर करणं ही कोलोरॅडोचीच चूक आहे.

आणि रोजगार? हा प्रश्न माझ्यासाठी सगळ्यात जड आहे. बीडहून दसऱ्यानंतर ऊसतोडीला निघणाऱ्या गाड्या, पदवी घेऊन चाकण-वाघोलीत खोली शोधणारी पोरं, यांना गावाजवळ काम हवं आहे आणि ते देण्याचा मार्ग कारखान्यांतून, शहरांतून जातो. म्हणूनच कुठला कारखाना आणि केवढं शहर, हे विचारायचं. एका रोजगारामागे किती पाणी लागतं, हा निकष गुंतवणुकीच्या करारात नसतो. मोटारीचे भाग, विजेवरची वाहनं, यंत्रसामग्री यांना तुलनेने कमी पाणी लागतं. मद्य, रसायनं, कागद यांना जास्त. पाणी कमी असलेल्या भागाने हे निवडून घ्यायचं असतं. पाण्यावाचून शहर फसलं तर सगळ्यात आधी तीच पोरं पुन्हा पुण्याच्या गाडीत बसतील.

अमेरिकेच्या अॅरिझोना राज्याने १९८० च्या भूजल कायद्यात एक अट घातली. ठरावीक भागांत नवी वसाहत पाडायची तर शंभर वर्षं पुरेल एवढं पाणी असल्याचं आधी सिद्ध करायचं, नाहीतर प्लॉट विकता येत नाही. २०२३ मध्ये फिनिक्सच्या भूजलाचा हिशेब मांडल्यावर शंभर वर्षांच्या मागणीत सुमारे चार टक्के पाणी कमी पडेल असं दिसलं. तेवढ्यावर त्यांनी केवळ भूजलावर अवलंबून असलेल्या नव्या वसाहतींच्या मंजुऱ्या थांबवल्या. चार टक्क्यांसाठी! लास वेगासने घरात वापरलेलं जवळजवळ सगळं पाणी शुद्ध करून परत जलाशयात सोडण्याची व्यवस्था केली आणि तिथल्या नेवाडा राज्याने २०२१ मध्ये निव्वळ शोभेच्या हिरवळीला कायद्याने बंदी केली. आपल्याकडे खाम नदी शहराचं सांडपाणी घेऊन नाथसागराकडेच जाते आणि तेच पाणी आपण पुन्हा वर चढवून पितो, अर्धवट शुद्ध झालेलं.

आपल्याकडे कायदे आणि संस्था नाहीत असं नाही. २००९ च्या महाराष्ट्र भूजल अधिनियमाने साठ मीटरपेक्षा खोल विहिरींवर, म्हणजे दोनशे फुटांखालच्या बोअरवर, बंधनं घातली आहेत. प्लॉटिंगमधला आठशे फुटांचा बोअर त्या कायद्याच्या डोळ्यांदेखत चालू असतो. भूजल सर्वेक्षण यंत्रणेकडे पाणलोटनिहाय नोंदी आहेत. गोदावरी मराठवाडा पाटबंधारे विकास महामंडळाकडे प्रत्येक धरणाचा वर्षानुवर्षांचा साठा आहे. या दोघांनी मिळून प्रत्येक लेआउटला, प्रत्येक औद्योगिक टप्प्याला पाण्याचा दाखला द्यावा किंवा नाकारावा. दाखल्यात २०१२ आणि २०१५ सारख्या वर्षांचा साठा गृहीत धरावा. शंभर वर्षं जमत नसतील तर निदान तीस वर्षांचा हिशेब असावा. पाणी कुठून येईल, आणि ते घेतल्यावर कुणाचं कमी होईल, हेही त्यात लिहिलेलं असावं. सातबारा जसा ऑनलाइन दिसतो तसा हा दाखला दिसावा, म्हणजे आयुष्याची पुंजी घालून प्लॉट घेणाऱ्या शिक्षकाला, शिपायाला तो सह्या करण्याआधी वाचता येईल.

ज्यांनी आधीच गुंठेवारीत घर बांधलं आहे त्यांना मात्र या नियमाने शिक्षा होता कामा नये. त्यांच्याकडून कर घेतला आहे, त्यांची मतं घेतली आहेत. जायकवाडीच्या डाव्या कालव्याची लांबी २०८ किलोमीटर आहे आणि तो परभणीपर्यंत जातो. त्याच्या शेपटाकडचा शेतकरीही याच धरणाचा हक्कदार आहे. नाशिक-नगरकडून आपण समन्यायाची अपेक्षा करतो, तर तोच न्याय आपल्या खालच्या गावांना आपण दिला पाहिजे. बिडकीनच्या पुढच्या टप्प्याचं पाणी मंजूर करण्याआधी शासनाने दोन आकडे जाहीर करावेत : संभाजीनगरच्या सातारा-देवळाई भागात नळाला महिन्यातून किती दिवस पाणी येतं, आणि गेल्या दहा वर्षांत डाव्या कालव्याच्या शेवटच्या चाऱ्यांना किती पाणी पोचलं.